गोदावरीला सव्वासहाची भरती

आमच्या घरात इंग्रजी येणारी मी एकटीच असल्यामुळे नाशिकच्या गोदावरीला भरती किती वाजता येते, हे ठरवण्याची जबाबदारी माझ्यावर आली.

मी ती पार पाडली. सव्वासहा.

घाटावरच्या वाचकांनी एवढ्यात हसू नये. आधी आमचे बाबा समजून घ्या. आमची शेती पेणच्या खारेपाटात. खारेपाट म्हणजे बांधाच्या अलीकडे भात, पलीकडे खाडीचं खारं पाणी आणि मध्ये, फावडं घेऊन, बाबा. त्यांनी जन्मात पाहिलेली प्रत्येक नदी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. नदी आहे आणि तिला भरती नाही, हे त्यांना म्हैस आहे पण शेपूट नाही असं सांगण्यासारखं आहे. घाट चढून ते एकदाच गेले होते, एका लग्नाला, आणि त्या गावात नदीच नव्हती.

आई रोहा तालुक्यातली, कोलाडजवळची. तिच्या माहेरच्या कुंडलिकेचं वेगळंच. वर वीजघर आहे, तिथून सकाळी पाणी सोडलं की नदी भरते, बंद केलं की उतरते. त्यामुळे बाबा नदीकडे जाताना तिथी बघतात आणि आई घड्याळ. लग्नाला तीस वर्षं झाली, पण नदी का चढते यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

आणि मी. मला पेणच्या इंग्रजी शाळेत घातलं होतं. तेव्हापासून घरच्यांची समजूत अशी, की जगातलं अवघड ते सगळं इंग्रजीत असतं आणि म्हणून ते माझं काम. खरी गोष्ट अशी, की मला इंग्रजी येतं पण बोलता येत नाही. मराठीही येतं. तेही मी शक्यतो बोलत नाही.

नाशिकला जायचं कारण दादाचं लग्न. दादा रोह्याला एका कंपनीत आहे, शिफ्टमध्ये. तिथे ट्रेनिंगला आलेली अश्विनी त्याला आवडली, तिलाही तो आवडला (याचं आम्हाला अजून आश्चर्य वाटतं), आणि आता तिचे वडील आम्हाला भेटणार होते. त्यांना सगळे नाना म्हणतात. नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. सगळं त्यांना पसंत होतं, एक सोडून. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं, की पेणच्या त्या बाजूला घरात पाणी शिरतं. "मी तीस वर्षं पाण्याची नोंद ठेवली," ते अश्विनीला म्हणाले होते, "आता पोरगी पाण्यात देऊ?" या भेटीत त्यांचं समाधान झालं तर लग्न, नाही तर विषय बंद.

दादाने मला अंगणात बाजूला घेतलं. चेहरा परीक्षेला बसल्यासारखा.

"बाबांकडं लक्ष ठेव. नाशिकला तीन शब्द तोंडातून निघता कामा नयेत. भरती, उधाण आणि बांध फुटला."

(हे चार झाले. पण मी बोलले नाही.)

"निघाला शब्द, तर मेलो मी," दादा म्हणाला.

नानांनी घरीच उतरायचा आग्रह केला होता, पण लग्न ठरण्याआधी मुलीच्या घरी मुक्काम कसा करायचा? म्हणून हॉटेल. आणि हॉटेल नदीकाठीच हवं, असं बाबांनी जाहीर केलं.

"माणूस पाटबंधाऱ्यातला. नदीपास्ना लांब उतरलो तर काय म्हणंल?"

मी मोबाइलवर हॉटेल शोधलं. फोटो छान होता. पुढे घाटाच्या पायऱ्या, मग नदी, मागे देवळांचे कळस. बाबांनी मोबाइल हातात घेतला, चष्मा लावला, आणि कळसांकडे न बघता थेट पायऱ्यांकडे बघितलं.

"ह्यो फोटो भरतीचा का ओहोटीचा?"

"कसली भरती हो!" आई आतून आली. "वरून पाणी सोडलेलं हाय का बंद हाय, ते विचारा."

"पायरीवर शेवाळ बघ. हितवर चढतं."

"चढणारच. सोडल्यावर चढतंच."

"बाय, फोन लाव," बाबा मला म्हणाले. "इंग्लिशमदी विचार. भरती किती वाजता, आन पाणी कुठवर येतं."

नाशिकला मराठी बोलतात हे त्या क्षणी कोणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्याही. हॉटेल म्हणजे इंग्रजी! आणि शाळेत भूगोलात भरती-ओहोटीचा धडा मी चांगल्या मार्कांनी पार केला होता, त्यामुळे नाशिक समुद्रापासून किती लांब आणि किती उंच आहे हे मला ठाऊक होतं. ते तिथेच सांगून टाकलं असतं तर ही आठवण लिहायला उरली नसती. पण बाबांना समोरून 'नाही' म्हणायचं म्हणजे निदान पाच-सहा वाक्यं लागली असती. फोन एका वाक्यात होईल असं वाटलं.

मी फोन घेऊन गच्चीवर गेले. पलीकडून एक भारदस्त आवाज म्हणाला, "हॅलो?" आणि माझ्या डोक्यातलं सगळं इंग्रजी वाळत घातलेल्या चादरींमधून उडून गेलं. "तुमच्या नदीला भरती किती वाजता येते" हे जिवंत माणसाला कसं विचारायचं? मी घाईत जे पहिलं सुचलं ते विचारलं, तेही मराठीत. (काय विचारलं ते आत्ताच सांगत नाही. थोडी अब्रू शेवटपर्यंत राहू द्या.) तो म्हणाला, "हो, हो. भरपूर आहे." मी फोन ठेवला.

खाली बाबा जिन्यातच उभे होते.

"हाय का?"

"हो," मी म्हणाले. "भरपूर आहे."

"भरपूर!" बाबांनी कठडा धरला. "आन किती वाजता?"

मी समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वासहा झाले होते.

"सव्वासहा."

एवढंच. आयुष्यात मी फार थोडी खोटी वाक्यं बोलले असेन, कारण मुळात वाक्यंच थोडी बोलले आहे. पण हे एक वाक्य मी बोलले आणि घरात शास्त्रार्थ सुरू झाला.

"आपण जातो त्या दिवशी पुनव," बाबा बोटांवर मोजत म्हणाले. "पुनवेला भरती बाराच्या सुमाराला. सव्वासहाला तर पुरी ओहोटी पायजे! ही उलटी कशी?"

"कारण ती भरती नायच," आई म्हणाली. "सव्वासहाला सोडत असतील. आमच्याकडं सकाळी, त्यांच्याकडं संध्याकाळी. मानसं उशिरा उठत असतील."

"अगो, घाटावर सगळंच उलटं. पर पुनव ती पुनव. उधाण ते उधाण."

दादा नाइट शिफ्ट करून झोपला होता. त्याने झोपेतच 'उधाण' शब्दावर कूस बदलली.

बाबांनी मला बजावलं, की खोली वरच्या मजल्यावरची घे. नदीसमोरची खोली एकच शिल्लक होती आणि ती तळमजल्यावर होती. बदलायची तर पुन्हा फोन करावा लागला असता. मी बटण दाबलं आणि कोणाला काही सांगितलं नाही.

पुनवेच्या सकाळी आम्ही निघालो. पेणहून पनवेल, पनवेलहून नाशिक. नानांसाठी पेणचे पोह्याचे पापड एका पत्र्याच्या डब्यात आणि आईकडून रोह्याचे कडवे वाल पिशवीत. बाबा खिडकीशी बसले होते. कसाऱ्याच्या घाटात गाडी वळणं घेत वर चढायला लागली तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. चौथ्या वळणावर ते माझ्या कानाशी आले.

"बाय, एवढं वर पाणी चढतं?"

मी मान अर्धवट हलवली. ती होकारार्थी होती का नकारार्थी, मला आजही माहीत नाही.

"म्हणजे जोर किती असंल!" बाबा स्वतःशीच म्हणाले आणि डबा मांडीवर घट्ट धरून बसले.

हॉटेल अगदी फोटोसारखं होतं. दारासमोरची एक ऐसपैस जागा दोरी बांधून मोकळी ठेवलेली, मधोमध एक लाल प्लास्टिकची खुर्ची. (मला अशा गोष्टी दिसतात. अर्थ मात्र नंतर कळतो.) पुढे पायऱ्या. आणि पायऱ्यांच्या खाली नदी एका कडेने संथ वाहत होती. बाकीच्या पात्रात सिमेंट घातलेलं. तिथे भाजीवाल्या बसल्या होत्या, एक न्हावी दाढी करत होता, कपडे वाळत होते आणि मोटारी चक्क रांगेत उभ्या होत्या.

बाबा पायरीवर थिजले.

"पात्रात गाड्या!" ते म्हणाले. "ओहोटी हाय म्हणून लावल्यात. सव्वासहाला सगळ्या जानार!"

दुपारचे तीन वाजले होते. नाना, अश्विनी आणि तिची आई सहा वाजता हॉटेलवर चहाला येणार होते. दादा इस्त्रीवाला शोधायला गेला होता. मला वाटलं, तीन तास बाबांना खोलीत कोंडून ठेवलं की झालं.

पण खोली तळमजल्यावर निघाली.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. बांधाला भगदाड पडलेलं दिसल्यावर बघतात तसं. मग कामाला लागले. उधाणाच्या आधी आमच्याकडे दाणागोटा माळ्यावर चढवतात. इथे माळा नव्हता, कपाट होतं. चपला कपाटावर गेल्या. बॅगा टेबलावर, टेबल पलंगावर. गादी गुंडाळून खिडकीच्या कठड्यावर. वालाची पिशवी पंख्याच्या पात्याला बांधली ("बटनाला हात लावू नका कोन!"). पापडांचा डबा टीव्हीच्या वर आणि त्यावर, आईचा निकाल म्हणून, अश्विनीला द्यायची साडी.

आवाजाने मॅनेजर आला. दारातच थांबला.

"काही... काही अडचण आहे का, काका?"

"सव्वासहाला पानी येतं ना?"

"कोण म्हणालं?"

"तुमीच. फोनवर. इंग्लिशमदी."

मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं. मी कपाटावरच्या चपलांकडे पाहिलं. बिचारा भला माणूस होता. माझ्या चेहऱ्यावर त्याला काय दिसलं कोण जाणे, पण तो हळूच म्हणाला, "हो... म्हणालो असेन, काका."

आता शिक्कामोर्तबच झालं! बाबा तडक पायऱ्या उतरून पात्रात गेले. मी मागोमाग. पळत नव्हे, मी चारचौघांत पळत नाही.

"ओ ताई, भाजी उचला! सव्वासहाला पानी येतंय!"

"कुठून येतंय बाबा?" भाजीवाली म्हणाली. "वीस वर्षं बसते मी इथं."

"वीस वर्सं बसता, आज पुनव हाय ठाऊक हाय का?"

"पुनव आहे खरी," ती म्हणाली आणि उगाच एक जुडी टोपलीत परत ठेवली.

न्हाव्याने वस्तरा थांबवला. साबण लावलेल्या गिऱ्हाइकाने विचारलं, "कोण आहेत हे?" कोणीतरी सांगितलं, "पेणहून आलेत. पाण्यातले आहेत." एवढ्यावर एका मोटारवाल्याने गाडी सुरू करून वर नेली. एक हलली म्हटल्यावर दुसरी हलली. साडेचारपर्यंत पात्र निम्मं रिकामं झालं होतं आणि पायऱ्यांवर माणसं जमली होती. कोणी विचारलं, "काय झालं?" की दुसरा सांगायचा, "पाणी येतंय." कुठून, कशाने, हे सांगायला आई होतीच.

"वरून सोडतायत," ती एका बाईला समजावत होती. "आमच्याकडं पन असंच असतं. भांडी लवकर घासून घ्या."

पाच वाजता मी परतले तर बाबा हॉटेलच्या फोनवर, मोठ्या आवाजात.

"नाना, सहाला येऊ नका! नदीवर पानी चढतंय सव्वासहाला. उधाण हाय!"

दादा नेमका त्याच क्षणी, इस्त्रीचा शर्ट हातावर घेऊन, दारात आला. शर्ट खाली पडला. बाबांनी तो तत्काळ उचलून कपाटावर ठेवला.

आता नानांचं बघा. तीस वर्षं ज्या माणसाने या नदीच्या पाण्याची नोंद ठेवली, त्याला पेणहून आलेला पाहुणा कळवतो की संध्याकाळी पाणी चढणार आहे! त्यांच्या मनात एकच विचार आला: पाणी सोडतायत आणि मला कळवलंसुद्धा नाही? त्यांनी जुन्या ऑफिसात फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, काही सोडलेलं नाही. नानांना वाटलं, हा नवीन असणार, याला काय कळतं. ते छत्री घेऊन (आकाश निरभ्र होतं) सहाला पाच कमी असताना घाटावर हजर झाले. मागून अश्विनी आणि तिची आई, दोघी चांगल्या साड्यांत, धापा टाकत.

अशा रीतीने दोन्ही घरांची पहिली भेट झाली. नमस्कार कोणी केला नाही. नाना आणि बाबा शेजारी शेजारी उभे राहून पाण्याकडे बघत होते.

"तुम्हाला कोणी सांगितलं?" नानांनी विचारलं.

"खातरीची बातमी हाय."

सहा वाजून दहा मिनिटं. पायऱ्यांवर शंभरेक माणसं असतील. सगळे घड्याळं बघत होते. सहा बारा. अश्विनी दादाकडे बघत होती, दादा आभाळाकडे. सव्वासहा.

एक बदक उजवीकडून डावीकडे गेलं.

सहा वीस. "उशीर होतोय," बाबा म्हणाले. सहा पंचवीस. "बंद केलं वाटतं," आई म्हणाली. मग नाना वळले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "मला एकदा स्पष्ट सांगा. हे काय आहे?"

बाबांनी पुन्हा पाण्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा लहान झाला. इतक्या लोकांत आमचे बाबा खोटे ठरत होते, आणि खोटं त्यांचं नव्हतंच. दादा तर लग्न मोडलेल्या माणसासारखाच उभा होता. मला दुसरं काही सुचलं नाही. मी बोलले.

"पाणी येणार नाही. मी फोनवर भरतीचं विचारलंच नाही. मला लाज वाटली. घरी आमच्या घड्याळात सव्वासहा झाले होते, म्हणून मी सव्वासहा सांगितलं."

चार वाक्यं! शंभर माणसांसमोर! इंग्रजी शाळेत असताना वक्तृत्वस्पर्धेत मी याहून कमी बोलून खाली बसले होते.

कोणी हसलं नाही. भाजीवाली तेवढी म्हणाली, "मग मी काकड्या मांडू का परत?"

नानांनी कपाळाला हात लावला. मग बाबांकडे वळले. "आता निघालाच आहे विषय, तर विचारतो. तुमच्याकडे घरात पाणी शिरतं?"

दादाने डोळे मिटले.

"शेतात येतं," बाबा म्हणाले. सरळ. "उधाणाच्या भरतीला बांध फुटला तर येतं. घरात दोनदा आलं, माझ्या जल्मात. दोन्ही टायमाला आदी पोरं उंचावरच्या शेजाऱ्याकडं, मग दाणा माळ्यावर, मग आमी. दाणासुदा भिजला नाय."

तीनही शब्द झाले. चारही.

नानांनी छत्री काखेत मारली. "चहा तरी घेऊ," म्हणाले, आणि खोलीत आले. आत आल्यावर मात्र ते उभेच राहिले, कारण बसायला काही जमिनीवर नव्हतंच. त्यांनी कपाटावरच्या चपला पाहिल्या. पलंगावरचं टेबल पाहिलं. पंख्याला लटकलेले वाल पाहिले. टीव्हीवरचा डबा, त्यावरची साडी.

"ही कोणाची?"

"अश्विनीची," आई म्हणाली. "तीच सगळ्यात वर चढवली."

नाना आधी खोकल्यासारखे हसले, मग पोट धरून हसले, मग त्यांना बसावंसं वाटलं आणि ते खिडकीतली गुंडाळलेली गादी खाली ओढून तिच्यावर बसले.

"अश्विनी," ते म्हणाले, "नसलेल्या भरतीची ही माणसं एवढी तयारी करतात. असलेल्या भरतीत तुला काय होऊ देणार आहेत! माझी हरकत नाही."

दादा पहिल्यांदा श्वास घेताना दिसला. बाबांनी मात्र नानांचा हात धरून बाजूला नेलं आणि हळूच विचारलं, "पर नाना, तुमच्या नदीला भरती कदीच नाय? मग हिला कळतं कसं, कुठं थांबायचं?" नाना विचारात पडले. त्या दोघांचं ते बोलणं जेवण होईपर्यंत संपलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. सामान खाली उतरवलं, पंखा मोकळा केला. नाना, अश्विनी, सगळे पोचवायला आले होते. मॅनेजर संकोचत माझ्यापाशी आला. हातात दोरीचं टोक होतं.

"मॅडम, एक विचारायचं होतं. तुम्ही फोनवर विचारलं होतंत ना, मोठ्या गाडीला पार्किंग आहे का म्हणून? मी म्हणालो, भरपूर आहे. तेव्हा ही जागा परवापासून दोरी लावून तुमच्यासाठी धरून ठेवलीय. लोक भांडले माझ्याशी." त्याने लाल खुर्चीकडे बोट दाखवलं. "तुमची गाडी कधी येणार?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाबांच्या काखेत पत्र्याचा रिकामा डबा होता आणि वरच्या खिशात कालची एस.टी.ची चार तिकिटं दिसत होती. आमच्या सात पिढ्यांत कोणाकडे गाडी नव्हती.

आता तरी खरं बोलावं, असं माझ्या मनात होतं. अगदी ओठांवर आलं होतं.

"सव्वासहाला," मी म्हणाले.